क्रॉस-व्हॅलिडेशनला एयूसी ०.९५, नव्या रुग्णांवर ०.६: बायोमार्कर निवडताना गळती कुठे होते

रोग ओळखून देणारी जनुकं, म्हणजे बायोमार्कर, निवडणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. "६० नमुने आहेत, आरएनए-सीक केलंय, २०,००० जनुकं. त्यातून २५ निवडली, क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये एयूसी ०.९५ आली. मग दुसऱ्या रुग्णालयाचे नमुने आले आणि ती ०.६ वर घसरली. रँडम फॉरेस्ट लावून पाहिलं, एसव्हीएम लावून पाहिलं, काही फरक नाही."

(आरएनए-सीक म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येक जनुकाची पातळी मोजणं. एयूसी म्हणजे मॉडेल दोन गट किती नीट वेगळे करतं याचा आकडा: १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक. क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणजे नमुन्यांचे भाग, 'फोल्ड', पाडून दर वेळी एक भाग बाजूला ठेवायचा, उरलेल्यांवर मॉडेल शिकवायचं आणि बाजूच्या भागावर तपासायचं.)

फरक पडणारही नाही, कारण दोष बहुधा मॉडेलच्या आधीच्या पायरीत असतो. ज्या नमुन्यांवर परीक्षा घ्यायची, त्यांनीच जनुकं निवडायला हातभार लावलेला असतो. यालाच गळती म्हणतात. पेपर फुटलेला असला की निकाल उत्तम लागतो. पुढे तपासणीचा क्रम दिला आहे. याच क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा पहिल्या दोन टप्प्यांतच दोष सापडतो.

आधी लेबलं विस्कटून बघा

'रुग्ण' आणि 'निरोगी' ही लेबलं नमुन्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही वाटा. मग तुमची पूर्ण प्रक्रिया, पहिल्या फिल्टरपासून शेवटच्या एयूसीपर्यंत, जशीच्या तशी चालवा. असं निदान १०० वेळा करा. आता लेबलांना काही अर्थच उरलेला नाही, त्यामुळे एयूसी ०.५ च्या आसपास घुटमळायला हवी. ती ०.८५ किंवा ०.९ येत असेल तर गळती आहे, आणि तुमच्या ०.९५ मधला बराचसा भाग फुकटचा आहे.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. पुष्कळ जण आधी निवडलेली २५ जनुकं तशीच ठेवतात आणि फक्त शेवटच्या मॉडेलसाठी लेबलं विस्कटतात. मग एयूसी ०.५ येते आणि सगळं ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळतो. विस्कटलेल्या लेबलांवर जनुकांची निवडही नव्याने झाली पाहिजे, तरच ही चाचणी काही सांगते. दुसरा बारकावा: एकेक नमुना बाहेर काढण्याची पद्धत वापरत असाल आणि विस्कटलेल्या लेबलांवर एयूसी ०.५ च्या बरीच खाली गेली, तर घाबरू नका. एका गटातला एक नमुना काढला की उरलेल्यांत दुसऱ्या गटाचं पारडं किंचित जड होतं आणि मॉडेल नेमकं उलट्या बाजूला झुकतं. पाच किंवा दहा फोल्ड घेऊन, दोन्ही गटांचं प्रमाण प्रत्येक फोल्डमध्ये सारखं ठेवून पुन्हा बघा.

निव्वळ गोंगाटातून ९५ टक्के कसे निघतात

यावर विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा, सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत जेमतेम दहा-बारा ओळींचं काम आहे. ५० नमुने घ्या, प्रत्येकाला ५,००० आकडे यादृच्छिक पद्धतीने द्या, पहिल्या २५ नमुन्यांना 'रुग्ण' म्हणा आणि उरलेल्यांना 'निरोगी'. या आकड्यांत रोग नाही, जीवशास्त्र नाही, काहीच नाही. आता सगळे ५० नमुने वापरून लेबलांशी सर्वांत जास्त सहसंबंध असलेले १०० रकाने निवडा, आणि मगच क्रॉस-व्हॅलिडेशन सुरू करा. अगदी साधं 'सर्वांत जवळचा शेजारी' हे मॉडेल लावलंत तरी चुकीचं प्रमाण काही टक्क्यांवर येतं. खरं प्रमाण ५० टक्के आहे.

कारण साधं आहे. २०,००० जनुकांवर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावली आणि पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०१ च्या खालची उचलली, तर रोगाचा काडीचा संबंध नसतानाही सुमारे २०० जनुकं हाती लागतात. ती निवडलीच गेली मुळी या ५० नमुन्यांत गट वेगळे दिसतात म्हणून. नंतर त्यातले दहा नमुने 'टेस्ट' म्हणून बाजूला काढले तरी त्या दहांची छाप निवडीवर आधीच पडलेली असते.

हे नवं ज्ञान नाही. अँब्रोइस आणि मॅक्लॅक्लन यांनी २००२ मध्येच दोन प्रसिद्ध मायक्रोअ‍ॅरे (जनुकांची पातळी चिपवर मोजलेल्या) संचांवर हा पक्षपात मोजून दाखवला होता. त्यातला एक ल्युकेमियाचा, १९९९ मध्ये गोलब आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला: ७२ रुग्ण, ७,१२९ प्रोब. दुसरा आतड्याच्या कर्करोगाचा: ६२ नमुने, २,००० जनुकं. निवड फोल्डच्या बाहेर ठेवली की चूक जवळपास शून्य दिसायची, आत आणली की खरी चूक समोर यायची. इतकी वर्षं झाली, तरी आजही "लिम्माने सगळ्या नमुन्यांवर डिफरन्शियल एक्स्प्रेशन काढलं, वरची ५० जनुकं घेतली, मग ग्लम्नेट लावून दहा फोल्डचं क्रॉस-व्हॅलिडेशन केलं" हे वाक्य शोधनिबंधांत सर्रास दिसतं. (लिम्मा दोन गटांत वेगळ्या पातळीची जनुकं शोधतं, ग्लम्नेट लॅसोसारखी मॉडेलं बसवतं.) हे वाक्य तुमच्या मेथड्समध्ये असेल तर तपास इथेच संपला.

दुरुस्ती: निवड फोल्डच्या आत

पाच फोल्ड असतील तर प्रत्येक वेळी एक फोल्ड पूर्णपणे बाजूला ठेवा. उरलेल्या चारांवरच लिम्मा चालवा, त्यांतूनच जनुकं निवडा, त्यांच्याच आत आणखी फोल्ड करून लॅम्डा (मॉडेल किती जनुकं ठेवेल हे ठरवणारा आकडा) ठरवा, आणि तयार झालेलं मॉडेल बाजूच्या फोल्डवर एकदाच लावा. सायकिट-लर्नमध्ये निवडीची पायरी आणि मॉडेल दोन्ही 'पाइपलाइन'मध्ये बांधून ती पाइपलाइनच क्रॉस-व्हॅलिडेशनला द्या. फिट झालेली अ‍ॅरे हातात घेऊन पुढच्या सेलमध्ये नेऊ नका, गळती होते ती तिथेच.

यावर लगेच प्रश्न येतो: "पण मग प्रत्येक फोल्डमध्ये जनुकांची वेगळी यादी येते. अंतिम यादी कोणती?" क्रॉस-व्हॅलिडेशन यादीची परीक्षा घेत नाही, यादी बनवण्याच्या कृतीची घेते. ती कृती नव्या रुग्णांवर किती चालेल, याचा अंदाज फोल्डमधून मिळतो. अंतिम यादीसाठी तीच कृती सगळ्या नमुन्यांवर एकदा चालवायची. पाच याद्यांमधली सामाईक जनुकं काढून, त्यांवर पुन्हा त्याच नमुन्यांचं क्रॉस-व्हॅलिडेशन करून आलेली एयूसी छापायची नाही. तसं केलंत की फिरून पहिल्या जागी आलात.

निवड आत आणूनही लेबलं विस्कटल्यावर एयूसी वरच राहत असेल, तर लहान गळत्या शोधा. एकाच रुग्णाचे दोन नमुने किंवा एकाच नमुन्याच्या तांत्रिक जोड्या वेगवेगळ्या फोल्डमध्ये गेल्यात का? फोल्ड रुग्णांचे करा, नळ्यांचे नकोत. स्मोटने (लहान गटात कृत्रिम नमुने भरणारी पद्धत) नमुने फोल्डच्या विभागणीच्या आधी बनवले का? कॉम्बॅटने बॅचमधला (एकत्र मोजलेल्या नमुन्यांच्या गठ्ठ्यांमधला) फरक काढताना रोगाचं लेबल त्याला पुरवलं का? गटांची संख्या बॅचगणिक असमान असेल तर कॉम्बॅट त्या लेबलाच्या आधाराने गटांतला फरक फुगवतो. सात पद्धती लावून त्यातली सर्वांत चांगली एयूसी निबंधात घातली का? पद्धत निवडणं हीसुद्धा निवडच आहे, ती आतल्या फोल्डमध्ये व्हायला हवी. लेबल न पाहता केलेलं फिल्टर, उदाहरणार्थ जवळपास सगळ्या नमुन्यांत शून्य मोजणी असलेली जनुकं काढून टाकणं, यांतलं त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

गळती नाही, तरीही नवे नमुने नापास: यंत्र रोग ओळखतंय की वार?

विस्कटलेल्या लेबलांची चाचणी पास झाली, निवड फोल्डच्या आत ठेवलेल्या, म्हणजे नेस्टेड, क्रॉस-व्हॅलिडेशनमध्येही ०.९५, आणि तरी बाहेर ०.६? मग दोष आकडेमोडीच्या आधीचा आहे, म्हणजे नमुने गोळा करताना आणि मोजताना झालेला. कुठलंही क्रॉस-व्हॅलिडेशन तो पकडू शकत नाही, कारण तो प्रत्येक फोल्डमध्ये सारखाच असतो.

यावरचं सर्वांत शिकवणारं उदाहरण अंडाशयाच्या कर्करोगाचं आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये द लॅन्सेटमध्ये एक निबंध आला. रक्ताच्या सीरमचं मास स्पेक्ट्रम काढून, त्यातल्या शिखरांच्या ठेवणीवरून कर्करोग ओळखायचा. चाचणीच्या संचातले ५० पैकी ५० कर्करोग बरोबर ओळखले गेले, कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर. लक्षणं दिसायच्या आत सापडत नाही म्हणून ज्या रोगात इतक्या बायका दगावतात, त्यावर थेंबभर रक्तातून उत्तर मिळेल अशी आशा जगभर पसरली, आणि त्यावर आधारित व्यावसायिक चाचणीची तयारीही सुरू झाली. गटाने कच्ची माहिती खुली केली होती, हे त्यांचं मोठं श्रेय. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या बॅगर्ली, मॉरिस आणि कूम्ब्स यांनी ती तपासली. एका संचात सापडलेली ठेवण दुसऱ्या संचात टिकत नव्हती. स्पेक्ट्रमच्या ज्या खालच्या टोकाला यंत्राचा गोंगाटच भरलेला असतो, तिथूनही गट सहज वेगळे होत होते. नंतरच्या एका संचात बहुतेक निरोगी नमुने आधीच्या दिवशी आणि कर्करोगाचे नंतरच्या दिवशी मोजलेले निघाले. दिवसागणिक यंत्राच्या मापात पडलेला फरक आणि रोगामुळे पडलेला फरक अशा वेळी वेगळे काढताच येत नाहीत.

म्हणून तुमच्या मेटाडेटाच्या फाइलमध्ये पुढचे रकाने आहेत का ते बघा: रक्त कधी घेतलं, किती वेळाने गोठवलं, कोणत्या नळीत घेतलं, आरएनए कोणी काढला, कोणत्या प्लेटवर, कोणत्या रनमध्ये. मग रोगाचं लेबल विसरून 'बॅच' हेच लेबल द्या आणि त्याच पाइपलाइनने बॅच ओळखता येते का ते पाहा. पीसीएचा (नमुन्यांतले सर्वांत मोठे फरक अक्षांवर मांडणारी पद्धत) पहिला अक्ष रनच्या तारखेप्रमाणे रंगवा. सगळे रुग्ण सोमवारच्या प्लेटवर आणि सगळे निरोगी गुरुवारच्या प्लेटवर असतील, तर कॉम्बॅट, आरयूव्ही यांसारखी बॅचचा फरक काढणारी कुठलीही पद्धत कामाला येणार नाही. त्या प्रयोगातून उत्तर मिळणारच नाही. नमुने उरले असतील तर प्लेटवर मिसळून पुन्हा मोजणं हा एकच मार्ग.

निवडलेली जनुकंही पुष्कळ बोलतात, त्यांची नावं वाचा. यादीत एक्सिस्ट (बायकांत चालू असणारं) किंवा आरपीएस४वाय१ (वाय गुणसूत्रावरचं, म्हणून पुरुषांतलं) आलं असेल, तर तुमच्या एका गटात बायका जास्त आणि दुसऱ्यात पुरुष जास्त आहेत, बस्स. हीच दोन जनुकं नमुन्यांची अदलाबदल पकडायलाही वापरा: कागदावर 'पुरुष' असलेल्या नमुन्यात एक्सिस्ट भरभरून दिसत असेल तर नळी किंवा ओळ चुकली आहे. हिमोग्लोबिनची जनुकं वर आली तर लाल पेशी फुटल्या असतील किंवा ग्लोबिन काढण्याची पायरी दोन गटांत सारखी झाली नसेल. फॉस आणि जून ही जनुकं दिसली तर नमुना बाहेर किती वेळ पडून होता ते विचारा, कारण ती ताण पडताच काही मिनिटांत उसळतात. पूर्ण रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची जनुकं आली तर आधी साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मागवा. तोच फरक जर पेशींच्या मोजणीतून दिसत असेल, तर आरएनए-सीकची गरज काय, हा प्रश्न परीक्षकाच्या आधी तुम्हीच विचारलेला बरा.

ओळ सरकणं ही कल्पनेतली भीती नाही. ड्यूक विद्यापीठातल्या गाजलेल्या प्रकरणात, जनुकांच्या सह्यांवरून (खूण ठरणाऱ्या जनुकांच्या संचांवरून) केमोथेरपी ठरवणाऱ्या विश्लेषणांत याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या आणि काही ठिकाणी लेबलं उलटी होती. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनीच २००९ मध्ये ते मांडलं. त्या सह्यांवर आधारलेल्या तीन क्लिनिकल ट्रायल २०१० मध्ये बंद झाल्या. तोवर त्यांत खरेखुरे रुग्ण दाखल झालेले होते. म्हणून एक्सेलमध्ये सॉर्ट करून जोडलेल्या फाइली नकोत; नमुन्याच्या आयडीवरून जोडा आणि जोडल्यावर मोजून बघा.

दर वेळी वेगळी जनुकं येतात

सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदललं की लॅसोची (मोजकीच जनुकं ठेवून बाकीची टाकणाऱ्या मॉडेलची) यादी बदलते, ही दुसरी कायमची तक्रार. यात निम्मा भाग दुरुस्त करता येतो. ग्लम्नेटचं क्रॉस-व्हॅलिडेशन फोल्ड यादृच्छिक पाडतं, म्हणून लॅम्डा हलतो. ते अनेकदा चालवून सरासरी घ्या, आणि किमान चुकीचा लॅम्डा घेण्याऐवजी एक प्रमाण-त्रुटीच्या आतला सर्वांत मोठा लॅम्डा घेतलात तर यादी आटोपशीर येते. उरलेला निम्मा भाग जनुकांच्या स्वभावातला आहे. इंटरफेरॉनने जागी होणारी जनुकं थव्याने वर-खाली होतात. लॅसो त्या थव्यातलं एखाद-दुसरं उचलतो आणि बाकीची टाकतो. दोन नमुने इकडचे तिकडे झाले की दुसरंच उचलतो. शिवाय जनुकं नमुन्यांपेक्षा जास्त असताना लॅसो नमुन्यांच्या संख्येपेक्षा जास्त जनुकं निवडूच शकत नाही. झोऊ आणि हेस्टी यांचा २००५ चा इलॅस्टिक नेट नेमका यासाठी आहे, तो थवा एकत्र ठेवतो.

यादी किती पक्की आहे हे आकड्यात हवं असेल तर माइनसहाउझेन आणि ब्यूलमान यांची स्टॅबिलिटी सिलेक्शन वापरा: निम्मे नमुने यादृच्छिक उचला, लॅसो चालवा, असं १०० वेळा करा, आणि प्रत्येक जनुक किती वेळा आलं ते मोजा. ९० वेळा आलेलं जनुक आणि १२ वेळा आलेलं जनुक यांच्याबद्दल सारख्याच विश्वासाने लिहू नका. आणि ही मोजणीही कामगिरी तपासताना फोल्डच्या आतच राहते, हे विसरायचं नाही.

पण यादी हलते म्हणून वर्गीकरण निकामी, असा निष्कर्षही घाईचा. स्तनाच्या कर्करोगात अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाची ७० जनुकं आणि रॉटरडॅमच्या गटाची ७६ जनुकं यांत सामाईक फक्त तीन होती. वाइझमन इन्स्टिट्यूटच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की त्याच ७० जनुकांच्या माहितीतून तितकेच चांगले भाकीत करणारे अनेक वेगळे संच काढता येतात. तरीही ७० जनुकांची ती चाचणी पुढे अमेरिकेच्या एफडीएकडून मान्य झाली आणि ६,६९३ रुग्णांच्या माइंडॅक्ट ट्रायलमध्ये तपासली गेली. तुम्हाला भाकीत हवं असेल तर बदलती यादी चालते. "हीच जनुकं रोगाचं कारण" असं लिहायचं असेल तर मुळीच चालत नाही.

एफडीआर उत्तम, वर्गीकरण सुमार

बेंजामिनी-हॉकबर्ग ही पद्धत लावून ३०० जनुकं एफडीआर (निवडलेल्यांत खोट्या शोधांचं अपेक्षित प्रमाण) ०.०५ च्या खाली आली, आणि एकही नीट वर्गीकरण करत नाही? यात बिघाड काही नाही. दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा असणं आणि एकेका रुग्णाला बरोबर गटात टाकता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरीत अर्ध्या प्रमाण-विचलनाचा फरक असेल तर नमुने वाढवले की पी-व्हॅल्यू हवी तितकी लहान होते, पण त्या जनुकाची एयूसी सुमारे ०.६४ वरच राहते. एकट्या मार्करने ०.९ गाठायची तर फरक सुमारे १.८ प्रमाण-विचलनांचा लागतो. म्हणून जनुकं पी-व्हॅल्यूवर लावण्याऐवजी परिणामाच्या आकारावर लावून बघा.

तुलना कोणाशी केली?

क्षयरोगाच्या रक्तातल्या सह्या हा आपल्याकडचा जवळचा विषय, जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. २०१० मध्ये नेचरमध्ये आलेल्या बेरी आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने दाखवलं की सक्रिय क्षयात इंटरफेरॉनची जनुकं वर जातात. निरोगी माणसांशी तुलना केली की वर्गीकरण झकास होतं. पण ओपीडीत निरोगी माणूस येत नाही, तीन आठवड्यांचा खोकला घेऊन माणूस येतो. विषाणूजन्य तापातही इंटरफेरॉन उसळतो, सार्कॉइडोसिसमध्येही जवळपास तीच सही दिसते. ट्रेनिंगमध्ये फक्त निरोगी तुलनागट असेल तर मॉडेल 'क्षय' शिकत नाही, 'आजारी' शिकतं. एयूसी घसरली म्हणता तेव्हा नव्या संचातले 'निरोगी' कोण होते, हे आधी बघा.

प्रमाणाचाही असाच फटका बसतो. वरच्या अंडाशयाच्या उदाहरणात विशिष्टता (रोग नसलेल्यांना तसं बरोबर ओळखण्याचं प्रमाण) सुमारे ९५ टक्के होती. रजोनिवृत्तीनंतरच्या सुमारे २,५०० बायकांमागे एकीला हा कर्करोग असतो. म्हणजे सगळ्यांची चाचणी केली तर एका खऱ्या रुग्णामागे सुमारे १२५ निरोगी बायकांना 'पॉझिटिव्ह' ऐकावं लागेल, आणि त्यातल्या अनेकींना पोटाची शस्त्रक्रिया. ५०-५० च्या संचातून काढलेला पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे रुग्ण किती) म्हणूनच छापू नये.

घसरण खरी आहे का, हेही बघा

३० नमुन्यांच्या संचात, १५ विरुद्ध १५, एयूसी ०.८ आली तर ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण ०.६४ ते ०.९६ इतकी रुंद असते. २० पैकी १८ रुग्ण ओळखले म्हणजे संवेदनशीलता ९० टक्के, पण मर्यादा ६८ ते ९९. म्हणजे ०.८५ वरून ०.७२ ही घसरण निव्वळ योगायोगही असू शकते. दोन्ही आकड्यांना मर्यादा लावल्याशिवाय दोषाचा शोध सुरू करू नका.

मॉडेल बाहेर नेताना

शेवटची अडचण यंत्र बदलण्याची. आरएनए-सीकवर शिकलेले गुणांक आरटी-पीसीआरवर तसेच चालत नाहीत. पुष्कळ जण यावर नव्या संचाचं त्याच्याच सरासरीने झेड-स्कोअर करतात (सरासरी वजा करून प्रमाण-विचलनाने भागतात). ८० टक्के रुग्ण असलेल्या संचात आणि १० टक्के रुग्ण असलेल्या संचात शून्याची जागा वेगळी पडते आणि तुमचा ठरवलेला उंबरठा निरुपयोगी होतो. दवाखान्यात तर एका वेळी एकच रुग्ण असतो, त्याची सरासरी कशाशी काढणार? यावर टिकणारा उपाय म्हणजे त्याच नमुन्यातल्या जनुकांची एकमेकांशी तुलना. स्टॅनफर्डच्या गटाने २०१६ मध्ये क्षयासाठी मांडलेला स्कोअर तीनच जनुकांचा आहे: जीबीपी५ आणि डीयूएसपी३ यांची लॉग पातळीवरची सरासरी, वजा केएलएफ२. शिकलेली वजनं नाहीतच, त्यामुळे नव्या ठिकाणी बिघडायला फारसं काही उरत नाही. १२ आणि ४० जनुकांच्या दोन मॉडेलांची नेस्टेड एयूसी जवळपास सारखी असेल तर १२ चं घ्या.

उंबरठा, गुणांक आणि नॉर्मलायझेशनची कृती नव्या संचाची लेबलं उघडण्याआधी फाइलमध्ये तारीख घालून गोठवा. बरोबरीने फक्त वय, लिंग आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी साधी रक्तचाचणी) घेतलेलं एक साधं मॉडेल त्याच फोल्डवर चालवा. एवढं सगळं करून एयूसी ०.७ आली आणि वय-सीआरपीची ०.६९, तर निबंधात दोन्ही आकडे शेजारी शेजारी, विश्वास-मर्यादांसकट द्या.